मापात पाप

दहावीच्या वर्गात सांख्यिकीचा धडा चालू होता. आमच्या उर्दू पुस्तकात आलेखाला तरसीम म्हणतात आणि प्रमाणाला पैमाना. फळ्यावर पैमाना लिहून आम्ही मागे वळलो, तर शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केलेला. आदल्या रात्री त्याच्या मामूच्या फोनवर एक चित्र आले होते. ते त्याने स्केचपेनने वहीत जसेच्या तसे उतरवून आणले होते. दोन खांब. एक हिरवा, एक भगवा. हिरवा भगव्याच्या चौपट उंच. खाली आकडे लिहिलेले, २.३६ आणि १.९४. वर असा मथळा की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा.

“सर, ये सच है क्या?”

आकडे खरे होते. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुस्लिम स्त्रीमागे सरासरी २.३६ आणि हिंदू स्त्रीमागे १.९४ मुले असा जननदर आला आहे. मग २.३६ हे १.९४ च्या चौपट कसे झाले? मुलांनीच शोधून काढले. त्या चित्रातला उभा अक्ष शून्यापासून सुरू होतच नव्हता. तो १.८ पासून सुरू होत होता. १.८ च्या वर हिरव्या खांबाला उरतात ०.५६ आणि भगव्याला ०.१४. बरोब्बर चौपट. मग आम्ही फळ्यावर तोच आलेख शून्यापासून काढला, एका मुलाला पाच सेंटिमीटर असे माप धरून. एक खांब ११.८ सेंटिमीटरचा झाला, दुसरा ९.७ चा. वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत असावा एवढाच फरक. वर्ग हसला.

तो मुलगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, “तो फिर झूठ किसने बोला सर? आकडे तो सही हैं.”

पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही. अक्ष मध्येच आखडला असेल तर तिथे नागमोडी खूण करावी, एवढे पुस्तक सांगते. खूण केली नाही तर तो गुन्हा कोणाचा, हे सांगत नाही. बी.एड.ला आम्हाला शैक्षणिक साधने कशी बनवावीत हे शिकवले. कार्डशीट किती मोठे असावे, अक्षर शेवटच्या बाकावरून कसे दिसावे, रंग किती वापरावेत, सगळे शिकवले. साधनाचे इमान कसे राखावे, याला गुण नव्हते.

मराठीत एक जुनी म्हण आहे, मापात पाप. बाजारात त्यालाच काटा मारणे म्हणतात. आमच्या अब्बांचे छोटेसे धान्याचे दुकान होते. तराजूची दांडी हातात धरून तोलायचे ते दिवस. अंगठा किंचित दांडीला टेकवला की पावशेरात दोन तोळे सहज सुटतात, हे आम्हाला शाळेत जाण्याआधी ठाऊक होते, कारण अब्बा ते करत नसत आणि शेजारचा करत असे. शेजाऱ्याच्या दुकानातले धान्य खरे होते, वजने खरी होती, तराजूवर सरकारी शिक्काही होता. खोटा होता फक्त अंगठा. आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे पाहू. आकडे खरे, रंग खरे, खांब सरळ रेषेत. १.८ हा तिथला अंगठा आहे.

कुरआनात ‘मुतफ्फिफीन’ नावाची एक सूरह माप मारणाऱ्यांपासूनच सुरू होते. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, अशी त्यांची ओळख तिथे सांगितली आहे. आणि हदीसमधला तो प्रसंग आपण सगळ्यांनी मकतबात ऐकलेला आहे. मदिनेच्या बाजारात हजरत मुहम्मद (स.) यांनी एका धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली. विक्रेत्याने सबब सांगितली की पाऊस पडला होता. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. त्या ढिगातला एक दाणाही खोटा नव्हता. वर काय ठेवले आणि खाली काय दडवले, एवढ्यावरून तो व्यवहार फसवणुकीचा ठरला. आकड्यांच्या रंगीत चित्रांबद्दल यापेक्षा नेमके काही आमच्या वाचनात आलेले नाही.

आणि ही चित्रे आता कुठे नाहीत? सकाळी फोन उघडला की भारतीय माणूस दिवसातले किती तास फोनवर घालवतो याचे चित्र. वर्तमानपत्रात कांद्याच्या भावाचे चित्र. टीव्हीवर निवडणुकीच्या दिवशी रंगलेला देश. २०१४ साली लोकसभेत भाजपला २८२ जागा मिळाल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. मते मिळाली होती सुमारे ३१ टक्के. दोन्ही आकडे खरे. पण नकाशावर रंग जागांचा भरला जातो, मतांचा नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते अख्खा देश एका बाजूला गेला. भाषण ऐकताना माणूस सावध असतो. बोलणाऱ्याचा आवाज, त्याचा पक्ष, त्याचा चेहरा समोर असतो. तक्त्याला आवाज नसतो. तो कोणी केला हे विचारावे असे आपल्याला वाटतच नाही, कारण तो कोणी केलेला आहे असेच मुळी वाटत नाही. भिंतीवरच्या घड्याळाला कोणी विचारते का, तुझा मालक कोण?

पण प्रत्येक तक्त्याला मालक असतो. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेघा आणि खांब काढून दाखवले, १८०१ साली वृत्तालेख काढला. तेव्हापासून हे माणसाच्या हातचे काम आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ साली क्रिमियाच्या युद्धातल्या मृत्यूंचे रंगीत चित्र छापले. शत्रूच्या गोळीने मेलेल्या सैनिकांपेक्षा रोगाने मेलेले कितीतरी अधिक आहेत, हे राज्यकर्त्यांना एका नजरेत कळावे म्हणून. तिलाही काही पटवायचे होतेच. पटवणे हा दोष नाही.

व्हिएन्नात १९२५ साली ओटो न्यूराथ यांनी एक संग्रहालय उभे केले. कामगारांना, कमी शिकलेल्यांना आपल्या शहराचे आकडे कळावेत हा त्याचा हेतू. घरे किती बांधली, क्षयाने किती मेले, कोणाला किती मजुरी. त्यांचा एक नियम आम्हाला फार आवडतो. संख्या वाढली तर चित्र मोठे करायचे नाही, त्याच मापाची चित्रे जास्त काढायची. बेकार दुप्पट झाले तर माणसाचे एक चित्र दुप्पट उंच करायचे नाही, दोन माणसे काढायची. कारण उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, आणि डोळा क्षेत्रफळ पाहतो, म्हणजे चौपट. आणि दुसरे कारण आमच्या मनाचे. दोन माणसे ही दोन माणसे आहेत, एक राक्षस नव्हे. आपल्याकडच्या एखाद्या चित्रात दाढी-टोपीचा एक अगडबंब माणूस आणि शेजारी चिमुकला दुसरा, असे कधी पाहिले असेल तर हा नियम आठवावा. न्यूराथ यांना १९३४ साली व्हिएन्ना सोडून हॉलंडला जावे लागले आणि १९४० साली तिथूनही नावेत बसून इंग्लंडला.

आता थोडे आपल्या घराकडे येऊ.

६ सप्टेंबर २००४. त्या दिवशी २००१ च्या जनगणनेचे धर्मवार आकडे जाहीर झाले. आधीच्या दशकात मुस्लिमांच्या वाढीचा दर ३४.५ टक्के होता, तो ३६ झाला असे त्यात दिसत होते. आमच्यातल्या ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना चहाच्या हॉटेलातल्या चर्चाही आठवत असतील. गोम अशी होती की १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नव्हती आणि १९८१ साली आसामात. म्हणजे २००१ च्या बेरजेत जम्मू-काश्मीर होते आणि जिच्याशी तुलना केली त्या १९९१ च्या बेरजेत नव्हते. ज्या राज्यात दर तिघांत दोघे मुस्लिम, ते एका पारड्यात घातले आणि दुसऱ्यातून वगळले. सारखे माप लावल्यावर मुस्लिमांचा दर आधीच्या दशकातल्या सुमारे ३३ टक्क्यांवरून साडेएकोणतीसवर उतरलेला निघाला. चढलेला नव्हे, उतरलेला. काही दिवसांतच खुलासे आले, दुरुस्ती झाली. पण दुरुस्ती आतल्या पानावर येते. ३६ चा आकडा आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांना आजही तोंडपाठ आहे, साडेएकोणतीसचा नाही. २०११ च्या जनगणनेत हा दर २४.६ वर आला. जननदर तर १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत मुस्लिमांचा ४.४ आणि हिंदूंचा ३.३ होता. म्हणजे अंतर १.१ चे होते, ते आता ०.४२ वर आले आहे. याचे चित्र काढायचे तर उताराच्या दोन रेघा निघतात, एकमेकींकडे झुकणाऱ्या. त्या मामूंच्या फोनवर ते चित्र मात्र कधी येत नाही.

दुसरी आठवण एवढ्या थंडपणे सांगता येत नाही. मार्च २०२० अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मर्कजची बातमी आली आणि करोनाच्या रोजच्या तक्त्यात एक नवा रकाना उगवला. दिल्ली सरकारच्या पत्रकात मर्कजचे रुग्ण वेगळे दाखवले जात. दिल्ली अल्पसंख्याक आयोगाने हरकत घेतल्यावर रकान्याचे नाव बदलले, रकाना काही काळ राहिलाच. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे २९.८ टक्के, त्या एका कार्यक्रमाशी जोडलेले आहेत. संध्याकाळपर्यंत वृत्तालेख फोनवर. वर्तुळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा हिरवा.

यातही आकडा खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. मर्कजमध्ये त्या काळात एवढी माणसे एकत्र राहिली ही चूक होती, हे आम्ही तेव्हाही आमच्या मोहल्ल्यात म्हटले आणि शिव्या खाल्ल्या. पण त्या दिवसांत देशात चाचण्या किती थोड्या होत होत्या आठवा. परदेशातून आलेले, लक्षणे असलेले, एवढ्यांचीच तपासणी. मर्कजला गेलेल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना मात्र राज्याराज्यांत शोधून काढून तपासले. जिथे दिवा धरला तिथे दिसले. आणि रकाना? मार्च महिन्यात लग्ने झाली, जत्रा झाल्या, राजकीय समारंभ झाले. त्यांचे रकाने नव्हते. ज्याचा रकाना नाही त्याचा आकडा नाही, ज्याचा आकडा नाही त्याचा दोष नाही. रकाना आखणारा माणूस एक रेघ ओढतो, बाकी काही करत नाही. ती रेघ रस्त्यावर येते. आमच्या गल्लीतला केळी विकणारा, वय साठीचे, वीस वर्षे एकाच वसाहतीत हातगाडी नेणारा. त्या एप्रिलमध्ये त्याला फाटकावर अडवून आधार कार्ड मागितले. नाव वाचून गाडी परत फिरवायला सांगितले. तो आम्हाला म्हणाला, “मास्तर, मेरे को तो खोकला भी नहीं है.” त्याला आम्ही वृत्तालेख काय समजावणार होतो? ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असे म्हटले. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ७० भारतीयांवरचे खटलेही रद्द केले. या निकालांचे वृत्तालेख कोणी काढले नाहीत. काढणार तरी कसे? निर्दोषपणाचे शेकडा प्रमाण काढत नाहीत.

इथे लेख थांबवला असता तर आमच्या वाचकांना तो आवडला असता. आपल्यावर काटा मारला गेला, हे ऐकायला कोणाला आवडत नाही? पण मुतफ्फिफीनची गोष्ट सांगून घेण्याच्याच मापाबद्दल बोलायचे आणि देण्याच्या मापाबद्दल गप्प बसायचे, हे बरे नव्हे. आणि फळ्यावर तो १.८ लिहीत असताना आमचा खडू जरा अडखळला होता, ते का, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दहावीच्या निकालाचा एक तक्ता लावलेला आहे. सुंदर आहे, पाहुणे येतात तेव्हा त्याच्याखाली फोटो काढतात. दोन वर्षांचे दोन खांब. आधीच्या वर्षी ८४ टक्के, नंतरच्या वर्षी ९२. दुसरा खांब पहिल्याच्या तिप्पट उंच आहे, कारण उभा अक्ष ८० पासून सुरू होतो. नागमोडी खूण नाही. तो तक्ता आम्ही काढला आहे. कोणी सांगितले नव्हते. शून्यापासून काढून पाहिला तेव्हा दोन खांब जवळजवळ सारखे दिसत होते, मेहनत दिसत नव्हती. म्हणून पट्टी वर सरकवली. अंगठा टेकवायला किती वेळ लागतो!

हे तर निव्वळ दिखाव्याचे झाले. आतले धान्य याहून ओले होते. आधीच्या वर्षी ४५ मुले परीक्षेला बसली, ३८ पास झाली. नंतरच्या वर्षी ३८ बसली, ३५ पास झाली. टक्का वाढला आणि पास होणारी मुले तीनने घटली. पहिल्या तुकडीत आठवीला ५८ मुले होती, दुसऱ्या तुकडीत ५७. म्हणजे आठवीत असलेल्या दर शंभरांपैकी आधी ६६ पार झाली होती, पुढच्या वर्षी ६१. आमचा निकाल उतरला होता. एकोणीस मुले आठवी आणि दहावीच्या मध्ये कुठेतरी गळली. काही मुलगे गॅरेजवर, काही सुरतेला. मुलींचे काय झाले ते वाचकांना सांगायला नको. त्यातली काही नापासच झाली असती. नववीत त्यांना “पुढच्या वर्षी बस” असे सांगणाऱ्यांत आम्हीही होतो, आणि पुढचे वर्ष आलेच नाही. त्यांच्या गळण्यानेच आमचा टक्का वाढला. त्या तक्त्यात त्यांचा रकाना नाही.

समाजाच्या पातळीवर आपण हेच करतो. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आपल्या प्रत्येक भाषणात असतो. २००१ च्या जनगणनेप्रमाणे देशात साक्षरता ६४.८ टक्के आणि मुस्लिमांत ५९.१, हा आकडा आपण मागणी करताना सांगतो. तो खरा आहे आणि सांगायलाच हवा. पण त्याच जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ आणि राज्याची ७६.९ होती, हे आपण मागणीच्या सभेत सांगत नाही. गौरवाच्या सभेत सांगतो. गौरवाच्या सभेत मग हे सांगत नाही की या राज्यातले सुमारे सत्तर टक्के मुस्लिम शहरांत राहतात, आणि शहरात साक्षरता तशीही जास्त असते. शहरी मुस्लिमांची तुलना शहरी इतरांशीच केली पाहिजे. प्रत्येक सभेला वेगळे वजन. मुस्लिम मुलांपैकी फक्त तीन टक्के मदरशांत जातात, हा सच्चर अहवालातला आकडा आपण टीव्हीवर आवेशाने मांडतो. बाकीच्या सत्त्याण्णवांतले किती कुठल्याच शाळेत जात नाहीत, हे त्याच अहवालात शोधायला आपण बसत नाही. आणि कुटुंबाच्या ग्रुपवर जुम्याच्या सकाळी येणारी ती चित्रे! मुस्लिम शास्त्रज्ञांनी लावलेल्या शोधांची यादी, त्यात कॉफीपासून विमानापर्यंत सगळे. खाली ‘सवाब की निय्यत से आगे भेजें’. बातमी आणणाऱ्याची खातरजमा करा, ही ताकीद आपण दुसऱ्यांच्या बातमीला लावतो. माशाअल्लाह म्हणण्यासारख्या बातमीला नाही.

आमचे एक सहकारी आहेत, इतिहास शिकवतात, माणूस सच्चा. त्यांच्यापुढे हे मांडले तेव्हा ते चिडले. म्हणाले, “तुम भी क्या बाल की खाल निकालते हो, भाई! त्यांच्याकडे चॅनेल आहेत, वर्तमानपत्रे आहेत. आपल्याकडे एक तक्ता आहे. दुबळ्याने आपले माप थोडे वाढवून सांगितले तर जगाचे काय बिघडते? त्याला मुळात कमीच मोजलेले आहे.” हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्याच्या पारड्यात रोज दगड टाकला जातो त्याने आपल्या पारड्यात एक खडा टाकला, तर न्यायाचा विचार करणाऱ्याने आधी दगडाकडे पाहावे, हे आम्हाला मान्य आहे. दगड आणि खडा सारखे नाहीतच.

त्यांना आम्ही १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाची गोष्ट सांगितली. अमेरिकेतले कृष्णवर्णीय प्राध्यापक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. गुलामगिरी कायद्याने संपून पस्तीस वर्षे झाली होती, आणि त्यांच्या समाजाला माणूस म्हणून मोजायची कोणाची तयारी नव्हती. अटलांटा विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी साठेक तक्ते हाताने रंगवले आणि पॅरिसला नेले. लाल, काळे, पिवळे, हिरवे. आज ते पाहताना वाटते, कालच काढलेत. जॉर्जिया राज्यात त्यांच्या लोकांकडे जमीन किती, शाळेत मुले किती, घरखर्चात भाड्याला किती जाते, अन्नाला किती. आणि निरक्षरता. एका तक्त्यात त्यांनी आपल्या लोकांची निरक्षरता युरोपातल्या देशांच्या शेजारी ठेवली. रशिया, सर्बिया, रुमानिया त्यांच्या मागे होते. फ्रान्स, स्वीडन पुढे. मागचेच देश दाखवून थांबता आले असते. त्यांनी पुढचेही ठेवले. दुबळ्या समाजाचा माणूस, जगाच्या समोर उभा राहण्याची एकमेव संधी, आणि ओले धान्यही वर.

सहकारी म्हणाले, “त्यांना सुवर्णपदक मिळालं असेल. आपल्याला काय मिळणार?” पदक मिळाले होते, खरे आहे. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर पदकात नाही, आणि लोकांचा आपल्यावर विश्वास बसेल या हिशेबातही नाही. खरे मोजूनही लोक विश्वास ठेवत नाहीत, हे आम्ही २०२० मध्ये पाहिले. आम्हाला अडते ते वेगळ्या ठिकाणी. आम्ही आमच्या बाजूने काटा मारतो तेव्हा ज्याच्या विरुद्ध मारला असे आम्हाला वाटते, त्याचे बहुधा काहीच जात नाही. टीव्हीवरच्या निवेदकाचे आमच्या व्हरांड्यातल्या तक्त्याने काय बिघडले? जाते ते आमच्यातल्याच कोणाचे तरी. ९२ टक्क्यांच्या खांबाखाली त्या एकोणीस मुलांचे गेले. निकाल चांगला दिसला म्हणून गळतीवर कधी बैठक झाली नाही. साक्षरतेत आपण राज्याच्या पुढे, असे सभेत टाळ्या घेऊन सांगितले की मागे राहिलेल्या वस्तीतल्या बाईचे गेले. आणि ती बाई उठून म्हणणार नाही की माप खोटे आहे. तिला तर तक्ता वाचता येत नाही.

सहकारी गप्प राहिले. पटले म्हणून की तास होता म्हणून, कोण जाणे.

युक्त्या शिकवल्याने मुले प्रामाणिक होतील, असा आमचा भाबडा समज नाही. डॅरेल हफ नावाच्या अमेरिकी लेखकाने १९५४ साली आकड्यांनी खोटे कसे बोलतात यावर एक गाजलेले पुस्तक लिहिले. जगभर ते शिकवले गेले. त्याच माणसाने १९६५ साली अमेरिकेच्या संसदेपुढे तंबाखू कंपन्यांच्या बाजूने साक्ष दिली. ज्याला अंगठा कुठे टेकवतात हे कळले, त्याला तो टेकवताही येतो. आमचाच दाखला पुरेसा आहे. आम्हीही सांख्यिकी शिकवतो.

धान्याच्या तराजूला ठरावीक मुदतीने सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. तक्त्याला शिक्का मारणारे खाते नाही, आणि असू नये असेच आम्हाला वाटते, कारण मग त्या खात्याचा अंगठा कोण तपासणार? उरतो तो पुढे पाठवणारा. त्या मुलाच्या मामूंनी ते चित्र काढले नव्हते, फक्त पाठवले होते, आणि तेही रागाने, बघा आपल्याबद्दल काय पसरवतात म्हणून. आम्ही त्यांना दोषी धरत नाही. पण गवाहीला उभे राहणाऱ्याला आम्ही विचारतो, तू स्वतः पाहिलेस का? तक्ता पुढे पाठवणारा आपण गवाही देतो आहोत असे समजत नाही. समजला असता तर त्याने निदान अक्ष कुठून सुरू होतो एवढे पाहिले असते का? बहुतेक नसते. अक्ष पाहायला कोणी शिकवलेच नाही त्याला. ते काम आमचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात नवे कार्डशीट नेले आणि व्हरांड्यातल्या तक्त्याची कथा मुलांना सांगितली. शिक्षकाने अशी गोष्ट विद्यार्थ्यांसमोर सांगावी की नाही याबद्दल मतभेद असू शकतात. सांगताना जीभ जड झाली, एवढे खरे. मग मुलांनी नवा तक्ता काढला. प्रत्येक वर्षाला तीन खांब. आठवीत किती होते, परीक्षेला किती बसले, पास किती झाले. तळाशी शून्य, ठळक. न्यूराथ यांच्या नियमाप्रमाणे मुलींनी खांबांऐवजी माणसे काढायचे ठरवले, एका मुलाला एक माणूस, सारख्या मापाचा. सत्तावन्न माणसे काढता काढता दोन तास गेले. गळलेल्या एकोणीसांच्या जागी त्यांनी नुसती बाह्यरेषा ठेवली, रंग भरला नाही.

मागच्या बाकावरचा तो मुलगा तक्त्याजवळ बराच वेळ उभा होता. त्याची मोठी बहीण त्याच तुकडीत होती, नववीनंतर बसली नाही. त्याने विचारले, “सर, इस में मेरी बाजी कौनसी है?” आम्ही म्हटले, कोणतीही धर. त्याने कडेची एक धरली.

तक्ता हेडमास्तर साहेबांना दाखवला. त्यांनी लक्ष देऊन पाहिला, मुलांच्या हाताची तारीफ केली. म्हणाले, “तपासणी होऊन जाऊ द्या, मग लावू.” तपासणी होऊन आता चार महिने झाले. तक्ता स्टाफरूममधल्या कपाटावर गुंडाळून ठेवलेला आहे. व्हरांड्यात अजून जुनाच आहे, आणि तो काढून टाका असे आम्हीही अजून म्हटलेले नाही.